अकरा खेळतात, बाकीचे बघतात

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी गुपचुपच्या गाडीपाशी उभं राहिलं की शहरातले सगळे वाद ऐकू येतात. तिकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. खाणारे मात्र गप्प नसतात. तिथेच एका काकांनी मला हा प्रश्न विचारला. काका मूळचे अमरावतीकडचे, सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये गेलेली. नातू त्यांना मोबाइलवर फुटबॉलच्या बातम्या दाखवत होता : या खेळाडूचं कोचशी बिनसलं, त्या क्लबातून कोच गेला. काका वैतागून म्हणाले, "एवढे करोडो रुपये भेटतात ह्यांना. कोचनं सांगितलं तसं खेळाचं, झालं. आमच्याकडं शिफ्ट इनचार्ज म्हणाला बंद, तं बंद. मंग ह्यांचं भांडण येते कुठून?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायला हे एक प्रकरण लागलं.

१. नव्वद मिनिटांचा हिशेब

काकांच्या मिलमध्ये शिफ्टला आलेल्या प्रत्येकाला काम होतं. हजेरी लावून आत गेलेल्या माणसाला "तू आज फक्त बाकावर बस आणि दुसरा रूळ कसा ओढतो ते बघ" असं कुणी सांगत नव्हतं. फुटबॉल क्लबात मात्र दर आठवड्याला निम्म्याहून जास्त माणसांना हेच सांगावं लागतं.

साधा हिशेब करू. समजा, क्लबकडे २५ खेळाडू आहेत. सामना ९० मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी ११ जण, म्हणजे वाटायला मिनिटं आहेत ११ गुणिले ९०, एकूण ९९०. पंचवीसही जणांना वाटतं की पूर्ण सामना आपण खेळावा. त्यांची मागणी होते २५ गुणिले ९०, म्हणजे २,२५०. मागणीपेक्षा पुरवठा १,२६० मिनिटांनी कमी. ही तूट दर सामन्याला नव्यानं तयार होते, आणि ती कुणाच्या वाट्याला जाणार हे एकटा कोच ठरवतो.

शिवाय ही मिनिटं नुसती हौसेची नसतात. बहुतेक फुटबॉलपटूंची कारकीर्द फार तर पंधरा वर्षांची. पुढचा करार किती रकमेचा होईल, होईल की नाही, हे यंदा किती खेळलात त्यावर ठरतं. बाकावर बसलेल्याला आजचा पगार मिळतो, पण त्याचा उद्याचा भाव उतरत असतो. एखादा स्ट्रायकर पासष्टाव्या मिनिटाला बाहेर काढल्यावर पाण्याची बाटली लाथाडतो, तेव्हा आपण त्याला माजोरडा म्हणतो. कधी कधी तो असतोही. पण बहुतेक वेळा तो भेदरलेला असतो.

तेव्हा उत्तराचा पहिला तुकडा हा : खेळाडू आणि कोच यांच्यातला तणाव कुणाच्या स्वभावातून येतो असं नाही, तो या गुणाकारातच आहे. चांगल्या क्लबातही तो असतो. फरक पडतो तो त्याचं पुढे काय होतं यात.

२. मॅनेजर म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडे टीमचा मॅनेजर म्हटलं की रेल्वेची तिकिटं काढणारा, लॉजवाल्याशी हुज्जत घालणारा आणि बुटांची पेटी सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडात तोच शब्द संघ निवडणाऱ्या, डावपेच आखणाऱ्या आणि पूर्वी खेळाडूंची खरेदी-विक्रीही करणाऱ्या माणसासाठी वापरतात. आता बहुतेक ठिकाणी, भारतातही, ही कामं फुटली आहेत. मुख्य प्रशिक्षक संघ खेळवतो, संचालक खेळाडू आणतो, मालक पैसे देतो.

लग्नाच्या पंगतीसारखंच आहे हे. किराणा भरला मुलीच्या काकांनी, पदार्थ ठरवले विहिणीनं, माणसं बोलावली दोन्ही घरांनी. आणि श्रीखंड संपलं की बोलणी कुणी खायची? आचाऱ्यानं. क्लबातला आचारी म्हणजे कोच. वरून दिसणाऱ्या दोघांच्या भांडणात बहुधा तिसरा कुणीतरी असतो आणि तो कोठीघरात बसलेला असतो.

कोचच का जातो, याचंही एक रोकडं उत्तर आहे. पंचवीस करार मोडण्यापेक्षा एक मोडणं स्वस्त पडतं.

३. विरजण

आता संघाची संस्कृती. हा शब्द हल्ली फार झाला आहे. क्लबच्या भिंतीवर 'शिस्त, एकजूट, आदर' असं रंगवलेलं असलं म्हणून ती संस्कृती होत नाही. त्यापेक्षा विरजणाचा विचार करा. दुधात चमचाभर जुनं दही घालतात. कुणी दुधाला काही शिकवत नाही, पण सकाळपर्यंत सगळं भांडं त्या चमच्यासारखं झालेलं असतं. नवा खेळाडू आला की तो आधी बघतो : सरावाला किती वाजता येतात, हरल्यावर बसमध्ये कोण बोलतं, संघातून वगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी कसा वागतो. आठवड्याभरात तो लागतो. मराठीत विरजण पडणं याचा दुसराही अर्थ आहे, आणि तोही ड्रेसिंग रूमला लागू पडतो.

गोव्यातलं या बाबतीतलं सगळ्यात सकस उदाहरण धेंपो स्पोर्ट्स क्लबचं. आर्मांदो कुलासो तिथे २००० पासून दशकभराहून जास्त काळ प्रशिक्षक होते. त्या काळात धेंपोनं पाच वेळा देशाचं लीग विजेतेपद मिळवलं : २००५ आणि २००७ ला राष्ट्रीय फुटबॉल लीग, मग २००८, २०१० आणि २०१२ ला आय-लीग. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी वर्षानुवर्षं तिथेच राहिली. रँटी मार्टिन्ससारखे परदेशी खेळाडू गोलांचा पाऊस पाडायचे, पण भांडं तेच होतं. भारतीय क्लबात प्रशिक्षक इतकी वर्षं टिकणं ही जवळजवळ अफवा वाटावी अशी गोष्ट. माझं मत असं की धेंपोचं खरं यश त्या पाच करंडकांपेक्षा या टिकण्यात होतं. करंडक त्यातून आले.

मुंबईत हेच काम खालिद जमील यांनी फार कमी पैशात केलं. मुंबई एफसी हा कूपरेजवर खेळणारा, तुटपुंज्या बजेटचा क्लब. जमील यांनी २००९ पासून सात हंगाम तो आय-लीगमध्ये तगवून धरला. त्यांचा खेळ बघायला देखणा नसे, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. २०१६ मध्ये त्यांना जावं लागलं. ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या पायरीवर घसरला होता आणि नंतर पुन्हा लीगमध्ये घेतला गेला होता. जाताना जमील यांच्याबरोबर मुंबईतले काही ओळखीचे खेळाडू गेले, त्यांत जयेश राणे आणि आशुतोष मेहता होते. चमचाभर विरजणच म्हणा ना. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता झाला, मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढे. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोयीची झाली असती. पण पुढच्याच हंगामात जमील कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेले. २०१८ मध्ये, ते मुख्य प्रशिक्षक असतानाच, सुभाष भौमिक यांना तांत्रिक संचालक म्हणून आणण्यात आलं. भौमिक स्वतः त्या क्लबचे यशस्वी प्रशिक्षक राहिलेले, त्यामुळे खेळाडूंसमोर आता दोन साहेब उभे राहिले. दोघांचं पटत नाही हे लपून राहिलं नाही. सुपर कपच्या अंतिम सामन्यात संघ बंगळुरूकडून ४-१ असा हरला आणि जमील यांचं तिथलं पर्व आटोपलं. माणूस तोच, पद्धत तीच; पण दोघांनी मिळून ढवळलं की दही लागत नाही.

४. दंडाची पेटी

बहुतेक संघांत सरावाला उशिरा येणाऱ्याला दंड असतो. रक्कम किरकोळ असते, जमा होतात ते पैसे मेजवानीत जातात. या पेटीकडे नीट बघितलं तर संघ कळतो. एकोणीस वर्षांच्या पोराकडून दंड घेतला आणि मोठ्या नावाच्या खेळाडूला "ट्रॅफिक होतं का?" असं हसून सोडलं, की त्या दिवसापासून नियम फक्त गरिबांसाठी उरतो. सगळे काही न बोलता ते टिपून ठेवतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डोनं टॉटनहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला नकार दिला आणि सामना संपायच्या आत तो आत निघून गेला. मँचेस्टर युनायटेडचे कोच एरिक टेन हाग यांनी त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं. पुढच्याच महिन्यात, एका जाहीर मुलाखतीनंतर, त्याचा करारच संपला. टेन हाग यांचं पुढे त्या क्लबात काय झालं हा भाग वेगळा. पण त्या आठवड्यात त्यांनी पेटीत दंड टाकून घेतला नसता, तर उरलेल्या चोवीस जणांना तोंड दाखवणं त्यांना अवघड गेलं असतं.

५. पडदे ओढलेली बस

भांडण होऊनही संघ शाबूत राहतो, आणि भांडणानं संघ फुटतो, यातला फरक समजून घ्यायला २०१० च्या विश्वचषकातला फ्रान्सचा संघ बघायला हवा.

१७ जूनला मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात, मध्यंतरात, निकोला आनेल्का आणि प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांची ड्रेसिंग रूममध्ये खडाजंगी झाली. आनेल्काला दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं नाही, फ्रान्स २-० असा हरला. इथवर यात जगावेगळं काही नाही. मध्यंतराच्या त्या पंधरा मिनिटांत जगभर काय काय बोललं जातं ते छापायचं ठरवलं तर वर्तमानपत्रं बंद पडतील. इथे मात्र ते छापलं गेलं. दोन दिवसांनी एका फ्रेंच क्रीडा दैनिकानं आनेल्काच्या तोंडी शिवी घालून ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापली. हे शब्द माझे नाहीत, असं आनेल्का म्हणत राहिला. फेडरेशननं त्याला माफी मागायला सांगितलं, तो तयार झाला नाही, त्याला घरी पाठवलं.

२० जूनला क्निस्ना या गावी सराव होता. खेळाडू आले आणि सरावाला नकार देऊन बसमध्ये जाऊन बसले. पडदे ओढून घेतले. बाहेर पत्रकारांची गर्दी. खेळाडूंनी एक निवेदन लिहिलं होतं, त्यात फेडरेशनचा निषेध होता. ते वाचायला कोण आलं? ज्यांच्याशी मूळ भांडण झालं होतं ते दोमेनेकच. स्वतःच्या संघाच्या संपाचं पत्रक कोच कॅमेऱ्यांसमोर वाचून दाखवतो आहे, असं दृश्य विश्वचषकात पुन्हा दिसलेलं नाही. दोन दिवसांनी फ्रान्स दक्षिण आफ्रिकेकडून हरला आणि एका गुणासह गटात तळाला राहून परतला.

कर्णधार पात्रिस एव्हरानं तेव्हाच सांगितलं होतं की आमची अडचण आनेल्का नाही, आतली गोष्ट बाहेर पोचवणारा गद्दार आहे. माझ्या मते एव्हराला रोग कळला होता. औषध मात्र त्यानं चुकीचं घेतलं. खोलीतलं भांडण खोलीत मिटवता येतं, कारण तिथे माघार घ्यायला कुणी बघत नसतं. तेच पहिल्या पानावर आलं की प्रत्येकाला आपल्या शब्दाला चिकटून राहावं लागतं. माफी ही तेव्हा शरणागती दिसायला लागते. सासू-सुनेचं स्वयंपाकघरातलं भांडण भाजीला फोडणी बसेपर्यंत विरतं; तेच जिन्यात आलं की मजलाभर पुरतं.

६. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग

आता गंमत बघा. हाच आनेल्का २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळायला आला, आणि २०१५ ला क्लबनं त्याला खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही पदं एकत्र दिली. कोचशी भांडून विश्वचषकातून परतलेला माणूस आता नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये इतरांना संघात घेणार, वगळणार होता. खेळाडू आणि मॅनेजर यांचा झगडा एकाच माणसाच्या पोटात.

ही कल्पना वेडगळ नव्हती. केनी डाल्ग्लिशनं १९८५-८६ मध्ये लिव्हरपूलला खेळाडू-मॅनेजर म्हणून लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून दिले होते. पण डाल्ग्लिश त्या क्लबात आठ वर्षं मुरलेला होता. विरजण तिथलंच होतं.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याला पहिली बॅटिंग मिळते, आणि तो आऊट झाला तर बोट कुणी वर करायचं हा प्रश्न उभा राहतो. खेळाडू-मॅनेजरचं तसंच होतं. तो स्वतः मैदानात असताना चुकला, दमला, तर त्याला बाहेर कोण काढणार? वगळलेल्या खेळाडूनं दाद कुणाकडे मागायची? ज्यानं वगळलं तोच उद्या शेजारच्या खुर्चीवर मोजे घालत बसलेला असतो. त्यात सुपर लीगचा हंगाम तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांचा, साखळीत प्रत्येकाला १४ सामने. रुसवा धरून सोडायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात लीग संपायची.

मुंबईकडे माणसं होती. सुनील छेत्री त्याच वर्षी लिलावातून आला होता. त्यानं ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले, सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूनं केलेली ती पहिली हॅट्ट्रिक. पण संघ एकसंध असा कधी वाटलाच नाही. १७ नोव्हेंबर २०१५ ला गोव्यातल्या फातोर्ड्यात एफसी गोवानं मुंबईला ७-० असं धुतलं. डुडू आणि हाओकिप या दोघांनीही हॅट्ट्रिक केली. मुंबई आठ संघांत सहावी राहिली.

पुढच्या वर्षी क्लबनं दोन पदं वेगळी केली. कोस्टारिकाला दोन विश्वचषकांत घेऊन गेलेले अलेक्झांदर गिमारायस कोच झाले, आणि दिएगो फोर्लान हा मोठ्या नावाचा खेळाडू फक्त खेळाडू म्हणून आला. मुंबई साखळीत पहिली आली. सगळं श्रेय या एका बदलाला देता येणार नाही, संघही बराच बदलला होता. पण बोट वर करणारा माणूस मैदानाबाहेर उभा होता, एवढं नक्की.

७. फातोर्ड्याचे तीन आठवडे

आता शेवटचं उदाहरण, आणि सगळ्यात गुंतागुंतीचं. सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ मध्ये एफसी गोवाला आला. पायात चेंडू ठेवून खेळणारा, गोलांवर गोल करणारा संघ त्यानं उभा केला. २०१९ ला सुपर लीगची अंतिम फेरी आणि सुपर कपचं विजेतेपद. खेळाडू त्याच्यावर खूश, प्रेक्षक खूश. आणि २०२० चा जानेवारी सरता सरता, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना, साखळीचे तीन सामने उरलेले असताना, क्लबनं त्याला निरोप दिला. व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे इथे कोच आणि खेळाडू एका बाजूला होते, भांडण कोठीघराशी होतं.

असा कोच गेला की संघ बसणार, असं कुणीही म्हटलं असतं. हंगामी प्रशिक्षक म्हणून उभा राहिला क्लिफर्ड मिरांडा, धेंपोच्या त्या जुन्या भांड्यातला. सोबतीला तांत्रिक संचालक डेरिक परेरा, ज्यांनी २००६ ला महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. इथेही दोन जाणते होते, पण समोर उभा एकच राहिला. हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२, जमशेदपूरमध्ये जाऊन ५-०. तीन सामन्यांत १४ गोल. १९ फेब्रुवारीला गोवा साखळीचा विजेता झाला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. क्लिफर्डनं काही नवं केलं नाही. लोबेरानं लावलेली घडी त्यानं मोडली नाही, आणि स्वतःचं नाव करून घ्यायचा मोह आवरला. हे दिसतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईनं दोन सामन्यांत मिळून ६-५ असं त्यांना बाहेर काढलं.

आणि लोबेरा? तो मुंबई सिटीत गेला. त्याच्यामागून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस गेले. गोव्याचा घरचा पोर, धेंपोतून आलेला मंदार राव देसाईही गेला. एका क्लबात माणसं भांडून विखुरली की दुसऱ्या क्लबाचं विरजण तयार होतं ते असं. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईनं साखळी जिंकली आणि करंडकही. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यातच खेळवली होती. अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला झाला, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं विजयी गोल केला, आणि लोबेराच्या माणसांनी करंडक उचलला तो फातोर्ड्याच्या मैदानात.

काकांना आता एवढंच सांगेन की पुढच्या वेळी नातवाबरोबर सामना बघाल तेव्हा साठाव्या मिनिटानंतर चेंडूकडे थोडं कमी बघा. बाहेर काढलेला खेळाडू कोचशी हात मिळवतो की नाही याला फार महत्त्व देऊ नका, तो कॅमेऱ्यासाठीही असतो. तो बाकावर कुणाशेजारी जाऊन बसतो आणि ते दोघं पुढची पाच मिनिटं मैदानाकडे बघतात की एकमेकांच्या कानाकडे, ते बघा.